गाळ्याचा कागद अकरा महिन्यांचाच का?

दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवे, या 2024 च्या कायद्यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. पाटीखालच्या गाळ्याच्या कागदाविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. खानापुरात काय किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात काय, आपली मुले गाळा घेतात तो बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर.

याचे मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च टाळायचा म्हणून अकरा महिने. पण मुदत संपली, नवा कागद झाला नाही आणि मालक भाडे घेत राहिला, तर दुकानदार महिन्यागणिक भाडेकरू ठरतो. मग पंधरा दिवसांच्या नोटिशीवर गाळा सोडावा लागू शकतो. फर्निचर, जमलेले गिऱ्हाईक, सगळे त्या पंधरा दिवसांवर.

दुसरा मुद्दा जीएसटीचा. मालकाची नोंदणी नसेल आणि दुकानदाराची असेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचा 18 टक्के कर दुकानदारानेच भरायचा. कंपोझिशन योजनेतल्यांना 16 जानेवारी 2025 पासून यातून सूट आहे. दोघांचीही नोंदणी नसेल तर हा कर लागतच नाही. त्या नावाखाली भाडे वाढवू देऊ नये.

आमचे सांगणे एवढेच: गाळ्यात मोठा पैसा घालायचा असेल तर तीन वर्षांचा पट्टा उपनिबंधक कार्यालयात नोंदवून घ्यावा. डिपॉझिटची रक्कम, दरवर्षीची वाढ आणि नोटिशीची मुदत त्यात लिहून घ्यावी. नोंदणीचा खर्च एकदाच होतो. उठलेले दुकान पुन्हा बसवायला वर्षे जातात.