नाक मुलीचे, सही कोणाची?

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात लग्नसराई जवळ आली की कित्येक मराठी घरांत मुलींच्या नाकांची मापे निघू लागतात. पाहुणे पोहे संपवतात, चहा घेतात आणि उठता उठता म्हणतात, “मुलगी चांगली आहे हो, पण नाक जरा बसकं!” मुलीचे शिक्षण, नोकरी, स्वभाव, सगळ्यावर एका शब्दाने बोळा फिरतो. मग बाप कर्ज काढतो आणि इंदूर नाहीतर जळगाव गाठतो. सर्जनसमोर मुलगी खाली मान घालून बसते, बोलतात बाकीचे. नाकाची शस्त्रक्रिया ओपन पद्धतीने की क्लोज्ड, हेही बापच ठरवतो, तेही खर्चाचा आकडा आणि साखरपुड्याची तारीख पाहून! आमचा सवाल आहे, सुरीखाली कोण जाणार? बाप की मुलगी?

दोन्ही पद्धती समजायला दहा मिनिटे पुरतात. क्लोज्डमध्ये सगळे छेद नाकपुड्यांच्या आत. बाहेर व्रण नाही, सूजही सहसा लवकर ओसरते. पण सर्जनला अरुंद वाटेने काम करावे लागते. हाडाचा उंचवटा उतरवणे, किरकोळ सुधारणा, एवढ्याला ती बहुधा पुरते. ओपनमध्ये दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर बारीक छेद घेऊन कातडी वर उचलतात, कूर्चा डोळ्यांसमोर येते. फार वाकडे नाक, दुभंगलेल्या ओठासोबतचे व्यंग, आधी फसलेली शस्त्रक्रिया, अशा ठिकाणी अनेक सर्जन हीच वाट धरतात. मोबदल्यात लहानसा व्रण, शेंड्याची बधिरता आणि महिनोन्महिने रेंगाळणारी सूज पत्करावी लागते. पद्धत कोणतीही असो, नाकाला अंतिम आकार यायला वर्षभर जाते. साखरपुड्याच्या तारखेला शरीर बांधील नाही!

ही विद्या मराठी मुलखाला परकी नाही. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक आणि एक हात टिपूच्या कैदेत कापले गेले. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाच्या पातळ पत्र्याने त्याच्या नाकाचे माप घेतले. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमधला दुवा राखून ती खाली वळवली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली ही हकिकत छापली, १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी तीच रीत लंडनमध्ये वापरली. ज्या विद्येने शत्रूने केलेली विटंबना पुसली, तिला आज आम्ही धडधाकट नाकाला विटंबना ठरवून वरपक्षाच्या चाकरीला जुंपले आहे. धिक्कार असो या वधूपरीक्षेचा!

शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. अपघाताने मोडलेले नाक असो, कोंडलेला श्वास असो की स्वतःच्या रूपाविषयीची स्वतःची इच्छा असो, त्या वाटेने जाणाऱ्या मुलीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण इच्छा तिची हवी. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले की, डॉक्टरने उपचाराचे स्वरूप, फायदे, मोठे धोके आणि उपलब्ध पर्याय रुग्णाला सांगितलेच पाहिजेत. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेतली होती. सज्ञान रुग्णाच्या जागी ती न्यायालयाने मानली नाही. मग बापाच्या होकारावर मुलीचे नाक कसे कापता?

म्हणून सर्जनांनो, संमतिपत्र तिला कळेल अशा मराठीत वा हिंदीत द्या. दोन्ही पद्धती सांगा, तिच्या नाकाला कोणती योग्य आणि का तेही सांगा. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते, हे लपवू नका. तिच्याशी एकटीशी बोला. आणि आईबापांनो, नाकावर बोट ठेवणाऱ्या स्थळाला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. शस्त्रक्रिया हवी की नको, हे मुलीला विचारा. ती “नको” म्हणाली, तर त्याच पावली गाडी बुऱ्हाणपूरकडे वळवा!