मंत्रचळ आणि आपली घरे

निगडी प्राधिकरणातील एखादे घर. पहिल्या पाळीला जाणारा कर्ता मुलगा पहाटे पाचला उठतो. पण कंपनीची बस चौकात येऊन निघून गेली तरी न्हाणीघरातून बाहेर पडत नाही. हात धुऊन झालेले असतात, पण ते नीट धुतले गेले की नाही याची खात्री पटत नाही. म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वडील दाराशी उभे राहून रागावतात. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून आई त्यांना गप्प करते. तिकडे चाकणजवळ खराबवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारा दुसरा तरुण कुलूप लावून निघतो आणि ते ओढून पाहण्यासाठी अर्ध्या वाटेवरून तीनदा परततो. घरे निराळी, दुखणे एकच. वैद्यकशास्त्र त्याला ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ अर्थात ओसीडी म्हणते. मराठीत त्यासाठी जुना शब्द आहे, मंत्रचळ.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे भोसरी, आकुर्डीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. तपासणी हा या पट्ट्याचा धर्मच आहे. गेज लावले, माप बसले, की नग पुढे जातो. मंत्रचळ झालेल्या माणसाच्या मनातील गेज मात्र कधी ‘ओके’ म्हणतच नाही. दार बंद आहे हे त्याला दिसते, बुद्धीला कळतेही. तरीही ‘काहीतरी राहिले’ ही मेंदूतील घंटा वाजतच राहते. नको असलेला विचार येतो, त्यातून जिवाची तगमग होते, ती शमवण्यासाठी कृती केली जाते आणि क्षणभर सुटका मिळते. ही क्षणभराची सुटकाच आजाराला खतपाणी घालते, कारण पुढच्या वेळी मेंदू तीच कृती अधिक जोराने मागतो.

हा आजार दुर्मीळ नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमधील त्याचे प्रमाण ०.८ टक्के आढळले. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक होती. त्यातील प्रौढांना हे प्रमाण लावले तरी आकडा काही हजारांत जातो. आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. म्हणजे ऐन शिक्षणाच्या, नोकरीच्या आणि विवाहाच्या वयात.

तरीही तो उपचारांपर्यंत पोहोचत नाही, कारण आपल्या घरांत त्याला इतर नावे सहज मिळतात. स्वच्छतेचा अतिरेक ‘टापटीप’ ठरतो, पुन्हा पुन्हा पाहणे ‘काळजीखोर स्वभाव’ ठरते आणि तासन्‌तासांची धुणी-पुसणी ‘कडक सोवळे’ म्हणून गौरविली जाते. श्रद्धा आणि आजार यांतील भेद येथे स्पष्ट समजून घेतला पाहिजे. पूजा आटोपल्यावर भाविकाचे मन शांत होते. मंत्रचळाच्या रुग्णाची पूजा आटोपतच नाही; एक उच्चार चुकला असेल या भयाने तो पुन्हा आचमनापासून आरंभ करतो. काहींच्या मनात तर देवासमोर उभे असतानाच अभद्र विचार येतात आणि आपण महापापी आहोत, या समजुतीने ते आतल्या आत झुरतात. असे विचार त्यांच्या मनोवृत्तीचे निदर्शक नसतात. ते त्यांना नकोसे वाटतात म्हणूनच इतके छळतात. अशा माणसाला प्रायश्चित्त सांगणे किंवा मांत्रिकाकडे नेणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्माराच्या अध्यायात ‘अतत्त्वाभिनिवेश’ नावाच्या मनोविकाराचे वर्णन आहे. तो आणि आजचा ओसीडी एकच, असे म्हणणे घाईचे ठरेल. पण मनाचा असा विकार हा रोग आहे, त्यावर चिकित्सा करावी आणि तीत विश्वासू सुहृदांनी रुग्णाला धैर्य व ज्ञान द्यावे, हा विचार आपल्या परंपरेत होता, हे निश्चित. तो विसरून आजाराला कलंक मानण्याची सवय आपण केव्हा लावून घेतली, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे.

आजच्या विज्ञानाकडे या आजारावर परिणामकारक उपाय आहेत. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये एका वर्तनोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातून पुढे विकसित झालेल्या पद्धतीत रुग्ण, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, भीती वाटणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरा जातो आणि नेहमीची कृती करण्याचे टाळतो. दाराच्या कडीला हात लावायचा, पण लगेच धुवायचा नाही. तगमग वाढते आणि हात न धुताही काही वेळाने ओसरते. हा अनुभव वारंवार घेतल्याने मेंदू नवा धडा शिकतो. जोडीला फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, क्लोमिप्रामिन यांसारखी औषधे उपयोगी पडतात. ती व्यसन लावणारी नाहीत. मात्र त्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागू शकतात आणि बरे वाटल्यानंतरही ती दीर्घकाळ घ्यावी लागतात. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून, किंवा गुण आला म्हणून, आपल्या मनाने औषध बंद करणे ही सर्वांत मोठी चूक होय.

यात कुटुंबाची भूमिका नाजूक आहे. २०१९ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. ज्या घरात मंत्रचळाचा रुग्ण आहे, तेथे अशा वेळी टाकी रिकामी होण्यावरून काय प्रसंग उद्भवत असतील, याची कल्पना करता येते. चिडणे स्वाभाविक असले तरी त्याने आजार हटत नाही. दुसरीकडे, ‘आई, गॅस बंद आहे ना?’ या प्रश्नाला विसाव्यांदा मायेने ‘हो’ म्हणणे हेही आजाराचेच पोषण करते. घरच्यांनी रुग्णाच्या कृतींतील आपला सहभाग उपचारकाच्या सल्ल्याने आणि रुग्णाला विश्वासात घेऊन हळूहळू कमी करावा. एका दिवसात पाणी तोडणे किंवा कुलूप लपवणे, हा उपचार नव्हे. आणि लग्न लावून दिले की सारे सुरळीत होईल, ही समजूत तर दोन कुटुंबांना संकटात लोटणारी आहे.

साहाय्य फार दूर नाही. संत तुकारामनगरातील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथे मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही वैद्यकीय विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांना बंधनकारक केले आहे. कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांनीही वारंवार उशिरा येणाऱ्या कामगाराच्या हाती नोटीस ठेवण्यापूर्वी एकदा त्याची विचारपूस करावी.

२००४ मध्ये ‘देवराई’ या चित्रपटाने स्किझोफ्रेनियाचा विषय मराठी कुटुंबांपुढे मांडला. मंत्रचळाबद्दलही तितक्याच मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे, आणि त्याची सुरुवात व्यासपीठावरून होण्याची गरज नाही. गृहसंपर्काला जाणारा कार्यकर्ता कोणत्या घरचा मुलगा अलीकडे दिसेनासा झाला, हे जाणतो. त्याने उपदेश न करता त्या मुलाचे ऐकून घ्यावे, त्याचे गुपित राखावे आणि पहिल्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्याच्यासोबत जावे. बंद न्हाणीघराच्या दाराशी रागावून उभ्या असलेल्या वडिलांनाही अशा एका सुहृदाची तितकीच गरज असते.