मिश्री सोडा म्हणणं सोपं आहे!

31 मे म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन. त्या निमित्ताने शपथा होतात, "तंबाखू सोडा" अशा घोषणा दिल्या जातात. पण ती घोषणा ऐकणाऱ्या गरीब बाईला तंबाखू सोडणं कितपत शक्य आहे, याचा विचार आपण करतो का?

व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिगारेट ओढणारा पुरुष येतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे 2 टक्के स्त्रिया धूम्रपान करतात, पण धूर न होणारी तंबाखू जवळपास 13 टक्के स्त्रिया वापरतात. आपल्याकडे तिचं घरगुती रूप म्हणजे मिश्री, म्हणजेच मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची आणि बोटाने दातांना लावायची.

ही सवय लागते कशी? दाढ दुखते, पण दवाखान्यात गेलं तर दिवसाची मजुरी बुडते. शेजारीण म्हणते, "मिश्री लाव, बरं वाटंल." पहाटे उपाशीपोटी कामाला निघायचं असतं आणि निकोटिनने भूक मरते. शिवाय मिश्री लावायच्या निमित्ताने दोन मिनिटं टेकता येतं. म्हणजे औषध, न्याहारी आणि विसावा, तिन्हींची जागा मिश्रीने घेतलेली असते.

सोडायला गेलं की डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. पहिले काही आठवडे फार अवघड जातात. नोकरदार माणूस रजा टाकू शकतो; ऊसतोडणीला गेलेल्या बाईने काय करायचं? त्यात घरी सासूही मिश्री भाजते, नवरा तंबाखू मळतो. त्याचं व्यसन चारचौघांत चालतं, तिला मात्र लपवावं लागतं. मग ती मदत तरी कशी मागणार?

म्हणून "तिला इच्छाशक्तीच नाही" असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मिश्री सोडायलाच हवी, यात शंका नाही. तिने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, गरोदरपणात बाळाचं वजन कमी भरू शकतं. पण नुसता उपदेश पुरत नाही. दातांवरचे उपचार गावाजवळ आणि कामाची वेळ सांभाळून मिळायला हवेत. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक तिच्यापर्यंत पोहोचायला हवा, आणि बोलायला फोन तिच्या हातात असायला हवा.

तुमच्या घरी कुणी मिश्री लावत असेल तर रागावू नका. आधी विचारा, "दाढ दुखते का? सकाळी काही खाल्लंस का?" आणि त्या दिवसाचं थोडं काम आपल्या अंगावर घ्या.