पाचचा गजर लावताय? झोपता किती वाजता?

यशस्वी माणसे पहाटे पाचला उठतात, असे सांगणारे व्हिडिओ पाहून अनेकजण पाचचा गजर लावू लागले आहेत. लवकर उठणे चांगलेच. पण रात्री साडेबारापर्यंत मोबाइल आणि पहाटे ५ ला गजर, हे गणित तब्येतीला परवडणारे नाही.

‘लवकर निजे, लवकर उठे’ या म्हणीतले ‘लवकर निजे’ आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप हवी. ती सतत कमी पडली, तर रक्तदाब, रक्तातील साखर आणि वजन वाढण्याचा धोका असतो. शिवाय दिवसभर चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. मग पहाटे कमावलेले दोन तास दुपारी पेंगण्यात जातात. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले होते, की ते ८ तासांच्या झोपेला प्राधान्य देतात आणि महत्त्वाच्या बैठका सकाळी १० ला ठेवतात.

म्हणून आधी झोपेची वेळ ठरवा. सहाला उठायचे, तर साडेदहाला दिवा बंद. सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ पाळा. उठल्यावर मोबाइल न घेता अंगणात किंवा गॅलरीत उजेडात या. त्याने शरीराचे घड्याळ जुळते आणि रात्री वेळेवर झोप येते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. काही औषधांमुळे साखर एकदम उतरू शकते.

रात्रपाळी करणाऱ्यांनी पाचच्या गजरामागे लागू नये. घरी आल्यावर खोलीत अंधार करून पुरेसे झोपावे. त्यांच्यासाठी तीच सकाळची सर्वांत चांगली सवय.