तिठ्यावर बसलेला समाज

पालीच्या तिठ्यावर एकदा पहाटे येऊन उभे राहा. आंबा घाट उतरून, साखरपा-नाणीज मागे टाकून भाजीचे टेम्पो रत्नागिरीकडे धावताना दिसतील. कोबी, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर. मागोमाग दुधाची गाडी. दिवस वर आला की त्याच तिठ्यावर आम्ही पुरुषमंडळी जमतो, घाटावरच्या दुधाचा चहा पितो आणि 'कोकणात आता काय राहिलंय?' म्हणून सुस्कारा सोडतो. चहा संपतो, चर्चा संपत नाही. तोवर घरची बाई गोठा आवरून, पाणी भरून कामाला लागलेली असते.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जत-आटपाडीकडे त्याचा पाचवा हिस्सादेखील पडत नाही. तरी आटपाडीचा शेतकरी डाळिंब पिकवतो आणि आम्ही कोथिंबिरीच्या जुडीसाठी घाटाकडे डोळे लावून बसतो! भात कापलं की खाचरं उताणी पडतात. पूर्वी त्याच ओलीवर कुळीथ, पावटा व्हायचा. आता तिथे गवत माजतं. आंब्याची बाग व्यापाऱ्याला कराराने दिली की आमची बागायतदारी संपली. त्या बागेची राखण कोण करतो? नेपाळच्या डोंगरातून आलेला गडी. घरदार सोडून आलेला माणूस मांगरात जागतो, आणि घर न सोडलेला मालक ओटीवर घोरतो.

यावर आमची उत्तरं तयार असतात. सातबाऱ्यावर वीस नावं आहेत, निम्मे मुंबईला. वानर आणि डुक्कर काही ठेवत नाहीत. खोटं नाही हे. पण अडचण वेगळी आणि अडचणीचा आडोसा वेगळा. वीस नावांपैकी पाच जणांना एकत्र बसवायचा प्रयत्न आम्ही कधी केला? ज्याने प्रयत्नच केला नाही त्याला वानराला दोष द्यायचा अधिकार नाही.

'आमची पोरं मुंबईला जातात, ते काय धाडस नाही?' धाडस आजोबांनी केलं. बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरले, गिरणीत राबले, महिन्याला मनीऑर्डर धाडली. त्यांनी काट्याकुट्यांतून पाडलेली पायवाट नातवासाठी डांबरी रस्ता झाली. आता कुणाच्या तरी ओळखीने चिकटायचं, गणपतीला यायचं, गाव सुधारत नाही म्हणून हळहळायचं आणि परतीची गाडी पकडायची. गाव सोडलं म्हणजे चाकोरी सोडली असं होत नाही.

आणि या आळसाला आम्ही नाव काय दिलं? समाधान! समाधान कष्टाच्या शेवटी मिळतं. कष्टाऐवजी मिळतं ती गुंगी. या गुंगीवर पहारा आम्ही सगळे मिळून देतो, हा आमचा खरा अपराध. कुणी मळा करायला घेतला, एखाद्या सुनेने गाडी शिकून धंदा मांडला, की तिठ्यावरून पहिला शेरा येतो, 'आला मोठा शहाणा!' चार वेळा हसलो की तो माणूस पुन्हा आमच्या शेजारी येऊन बसतो. आम्हाला हायसं वाटतं, कारण तो यशस्वी झाला असता तर आमच्या सबबी उघड्या पडल्या असत्या.

याच जिल्ह्यात मुरूडला धोंडो केशव कर्वे वाढले. 1875 साली परीक्षेसाठी हा मुलगा भर पावसात, घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला पोचला. वयाने लहान दिसतोस म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे 1893 साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरूडने बहिष्कार घातला. तरी 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याच्यासाठी जगभर हिंडले. आज आम्ही 'आमचे भारतरत्न' म्हणून छाती फुगवतो. पण बहिष्कार घालणारेही आमचेच होते, हे सोयीस्कर विसरतो. आज कर्वे पालीच्या तिठ्यावरून गेले असते, तर आम्ही चहाचा कप खाली ठेवून काय बोललो असतो?

मी वेगळा नाही. त्याच बाकावर बसून मीही हसलो आहे. म्हणून हे आधी मला लागू.

या दिवाळीनंतर भात घरात आलं की वाडीतल्या पाच जणांनी पऱ्यावर गोण्यांचा बंधारा घालावा आणि एका खाचरात भाजी करावी. पहिल्या वर्षी अर्धी वानरं खातील, उरलेल्या अर्धीला भाव मिळणार नाही, आणि तिठ्यावर हसणारे पोटभर हसतील. हसू द्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरा. तो मुरूडचा मुलगासुद्धा साताऱ्याहून पहिल्या खेपेला रिकाम्या हातानेच परतला होता.