दुर्मीळ कोणासाठी?

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत मूत्राशयाच्या स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाची गणना दुर्मीळ विकारांत होते. युरोप-अमेरिकेत मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे रुग्ण जेमतेम दोन ते पाच आढळतात. परंतु नाईलच्या खोऱ्यात विसाव्या शतकाचा बराच काळ हाच विकार शेतकऱ्याच्या मानगुटीवर बसलेला होता. १९८० च्या सुमारास कैरोच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत येणाऱ्या मूत्राशय-कर्करोगाच्या रुग्णांत बहुसंख्य याच प्रकारचे होते. तेव्हा ‘दुर्मीळ’ हे विशेषण नेमके कोणाला लागू आहे, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

या रोगाचे मूळ एका कृमीत आहे. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरो येथे तो शोधला. गोगलगायींतून बाहेर पडलेले त्याचे डिंभ कालव्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून शरीरात शिरतात. प्रौढ कृमी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात. त्यामुळे दाह होतो, भिंत कठीण बनते, वारंवार जंतुसंसर्ग होतो. सततच्या या छळामुळे मूत्राशयाचे मूळचे अस्तर पालटून कातडीसारखे बनते आणि त्यातूनच पुढे कर्करोग उद्भवतो. १९११ मध्ये फर्ग्युसन यांनी कैरोतील रुग्णांच्या आधारे हा संबंध दाखवून दिला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीच्या संसर्गाला निश्चित कर्करोगकारक ठरविले ते १९९४ मध्ये!

रुग्णाचे भवितव्य ठरते ते गाठ किती खोल गेली आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली की नाही यावर. हा कर्करोग दूरच्या अवयवांत उशिरा पसरतो. म्हणजे वेळीच गाठला तर आशेला जागा आहे. प्रत्यक्षात रुग्ण येतो तेव्हा गाठ स्नायूंत रुतून बसलेली असते. कारण उघड आहे. लहानपणापासून लघवीतून रक्त जाणे ज्याच्या गावात नित्याचे, त्याला ती धोक्याची खूण कशी वाटावी? किरणोपचार व औषधे यांचा आधार तोकडा असल्याने संपूर्ण मूत्राशय काढून टाकणे हाच मुख्य उपाय उरतो. मन्सूरा येथील १,०२६ शस्त्रक्रियांचा अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत निम्म्याहून अधिक रुग्ण स्क्वेमस प्रकारचे होते आणि सर्व रुग्ण मिळून पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ४८ टक्के होते. चाळिशी-पन्नाशीतला कर्ता माणूस मूत्राशय गमावून घरी परततो, आणि तरीही ही अर्धीमुर्धीच खात्री!

मग हे संकट कालव्यात आले कोठून? कृमी फारोंच्या काळापासून होता. त्याला बारमाही आसरा मिळाला तो नव्या सिंचनाने. ब्रिटिश अमलाखाली कापसाच्या निर्यातीसाठी बारमाही पाणी हवे होते. १९०२ मध्ये अस्वानचे पहिले धरण पूर्ण झाले. जेथे वर्षातून एकदा पूर येऊन जमीन पुन्हा कोरडी पडत असे, तेथे गोगलगायींना बाराही महिने पाणी मिळू लागले. वरच्या इजिप्तमध्ये असे पाणी खेळताच काही वर्षांत लागण कित्येक पटींनी वाढली. कापूस लँकेशायरच्या गिरण्यांकडे गेला. रोग फेलाहांच्या वाट्याला आला. पाणी आम्हांसही हवेच आहे. परंतु धरणाच्या हिशेबात शेतमजुराच्या रक्ताचा रकाना नसावा, ही व्यवस्था आम्हांस मान्य नाही.

उपचारांचा इतिहासही उद्बोधक आहे. १९५० नंतरच्या दशकांत गावोगाव टार्टर एमेटिकची इंजेक्शने देण्यात आली. हेतू चांगला होता, पण पुरेशा न उकळलेल्या सुयांमधून यकृताला ग्रासणारा हेपॅटायटिस सी पसरला. पुढे प्राझिक्वांटेलच्या गोळ्या आल्या, त्या सरकारी यंत्रणेने खेड्यांत पोहोचविल्या आणि लागण ओसरली. २००५ पर्यंत चित्र पालटले व स्क्वेमस प्रकार अल्पसंख्य झाला. ज्या विकाराला शल्यचिकित्सकाची सुरी हटवू शकली नाही, त्याला सार्वजनिक आरोग्यसेवेने मागे रेटले. मात्र तंबाखूशी निगडित असलेला दुसरा प्रकार त्याची जागा घेतो आहे, हेही विसरता येत नाही.

हा प्रश्न परक्या भूमीचा म्हणून सोडून देता येणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी मूत्राशयाच्या बिलहार्झियाचे रुग्ण आढळल्याची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये केली होती. आपल्याकडे तो फैलावला नाही, हे सुदैव. पण आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडे कोट्यवधी लोक आजही त्याच पाण्यात उतरतात. त्यांच्यासाठी शुद्ध पाणी, शौचालय व स्वस्त गोळी हीच खरी कर्करोग-चिकित्सा आहे. जो रोग गरिबाच्या पायवाटेवर वस्तीला असतो, त्याला दुर्मीळ म्हणणे ही पाहणाऱ्याच्या नजरेची मर्यादा होय. कालवे, धरणे आणि आरोग्य यांचा विचार एकत्र व्हावा, हा आग्रह कार्यकर्त्यांनी प्रत्येक पाणीयोजनेच्या सभेत धरला पाहिजे.