अपडेट अडले म्हणून फॉरमॅट नको

संध्याकाळी मुलांच्या अभ्यासासाठी संगणक सुरू करावा, तर पडद्यावर गोल फिरणारे ठिपके आणि 'अपडेट पूर्ण होऊ शकले नाही, बदल मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका' असा निरोप! पाऊण तास झाला तरी तेच. मग घरातले कोणीतरी वैतागून बटण दाबून धरते आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो. त्या वेळी विंडोज जुन्या फाइली जागेवर ठेवत असते. मध्येच वीज तोडली, तर ना जुने धड, ना नवे. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम दोन-तीन तासही चालते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर थांबावे.

संगणक पूर्ववत सुरू झाला, तर लगेच पुन्हा अपडेटच्या मागे लागू नये. आधी फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. मग सी ड्राइव्ह पाहावा. पुष्कळदा दुखणे साधे असते, जागाच नसते. मोठ्या अपडेटसाठी वीसेक जीबी मोकळी असलेली बरी.

जागा असूनही अडत असेल, तर अर्धवट उतरलेल्या फाइलींचा संशय घ्यावा. त्या विंडोजच्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरमध्ये साठतात. सर्व्हिसेसच्या यादीतील 'विंडोज अपडेट' ही सेवा थांबवून या फोल्डरचे नाव बदलावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज नवा फोल्डर स्वतःच बनवते. एवढ्यानेही भागले नाही, तर आधी 'डिसम' आणि नंतर 'सिस्टिम फाइल चेकर' चालवून पाहावे. क्रम हाच ठेवावा, कारण दुसरे साधन दुरुस्तीसाठी ज्या मूळ प्रती वापरते, त्या पहिले साधन नीट करते.

कधी कधी मात्र दोष घरच्यांचा नसतोच. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या एका सुरक्षा अपडेटला रिकव्हरी विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. अनेक संगणकांत ती नव्हती आणि पडद्यावर आलेल्या ८००७०६४३ या आकड्यावरून कोणाला काही उमगेना!

संगणक सुरूच होत नसेल, तर सुरू होताना बटणाने दोन-तीनदा बंद केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडून शेवटचे अपडेट काढता येते. दुकानदार 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणाला, तरी त्याआधी हे करून घ्यावे. 'रिसेट'मध्येही 'कीप माय फाइल्स' हाच पर्याय निवडावा. फाइली राहतात, बाहेरून घातलेले प्रोग्राम मात्र जातात.

याच पडद्यावर काही संगणक बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागतात. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. पण त्या खात्याचा पासवर्डच आठवत नसेल, तर? किल्लीवाचून डिस्कवरचे फोटो ना दुकानदाराला काढता येतात, ना कंपनीला. संगणक धडधाकट आहे तोवरच हे आकडे वहीत उतरवून कपाटात ठेवावेत.